आठवणीतले अंतिम सामने

फुटबॉलवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. कुस्तीवर बोला, कबड्डीवर बोला, क्रिकेटवर तर हवे तितके बोला. पण हा लाथा मारायचा खेळ आमच्या गावात खेळतो कोण, असे तुम्ही म्हणाल. त्याला माझा इलाज नाही. मी कोल्हापूरकडचा माणूस. आमच्याकडे तालमीत आखाडा असतो आणि त्याच तालमीचा फुटबॉलचा संघही असतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परगावच्या माणसाला पैलवान आठवतील, आम्हांला फुटबॉलचे सामने आठवतात. विश्वचषक सुरू झाला की पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे लागतात. ते देश नकाशावर कुठे आहेत हे पोरांना विचारू नका. पण त्यांच्या खेळाडूंची नावे विचारा, घडाघडा सांगतील.

मी १९८६ पासून विश्वचषकाचे सगळे अंतिम सामने पाहत आलो. २०२२ पर्यंत असे दहा झाले. माझा धंदा इतिहास शिकवण्याचा. तेव्हा या दहा सामन्यांत आणि मी न पाहिलेल्या जुन्या सामन्यांत मला जे दिसले ते इतिहासाच्या अंगाने तुम्हांला सांगावे असा विचार आहे. कोणी किती गोल केले याची जंत्री कुठल्याही पुस्तकात मिळेल, ती मी देणार नाही. लोक काय लक्षात ठेवतात, कसे ठेवतात, आणि त्यात एखाद्या माणसाचे काय होते, एवढेच सांगायचे आहे.

आधी माझीच फजिती सांगतो. १९८६ साली मी सात वर्षांचा होतो. मामांच्या घरी, कोल्हापुरात, काळापांढरा टेलिव्हिजन होता. स्पर्धा मेक्सिकोत होती, तिथे दुपारी बाराला सामना सुरू झाला म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. खोलीत गल्ली जमलेली. मी मामांच्या मांडीवर डोके ठेवून पेंगत होतो. पुढे कितीतरी वर्षे मी छातीठोक सांगत असे की, अंतिम सामन्यात माराडोनाने इंग्लंडची पाचसहा माणसे चुकवून गोल मारला तो मी या डोळ्यांनी पाहिला. एम.ए.ला असताना एकदा वर्षाचे टाचण काढायला बसलो आणि पाहतो तर काय! इंग्लंडविरुद्धचा तो सामना २२ जूनचा, उपांत्यपूर्व फेरीतला. अंतिम सामना २९ जूनला झाला तो पश्चिम जर्मनीशी. अर्जेंटिनाने तो ३-२ असा जिंकला, आणि त्यात माराडोनाने एकही गोल केला नाही! शेवटचा गोल बुरुचागाचा, त्याला चेंडू पुरवला तेवढा माराडोनाने. मग मी जे डोळ्यांनी पाहिले ते काय पाहिले? बहुधा पुढे कुणाच्या तरी घरी दाखवलेली फीत, आणि तिच्यावर मांडीची ती ऊब माझ्या मनाने चिकटवून दिली.

तुम्ही म्हणाल, पोरवयातली गोष्ट, चालायचीच. पण मोठ्यांचेही असेच असते. १९६६ च्या वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हर्स्टचा चेंडू वरच्या दांड्याला लागून खाली आपटला. तो रेषेच्या आत पडला की बाहेर यावर अजून वाद आहे. गोल झाला असा निर्णय देणाऱ्या लाइन्समनला इंग्रज लोक ‘रशियन लाइन्समन’ म्हणतात. तो गृहस्थ रशियन नव्हताच. तोफिक बाख्रामोव त्याचे नाव, राहणार अझरबैजानचा. बाकू शहरात त्याच्या नावाचे मोठे क्रीडांगण आहे. त्या वेळी अझरबैजान सोव्हिएत संघात होते, म्हणून तो रशियन झाला आणि तसाच राहिला.

आता ज्यासाठी बोलायला बसलो तिकडे वळतो.

१९९० चा अंतिम सामना रोमला, ८ जुलैचा. पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा तीच आमची खोली. मी अकरा वर्षांचा. सामना रटाळ होता, आजही कुणी त्याची तारीफ करीत नाही. पाच मिनिटे उरली असताना जर्मनांना पेनल्टी मिळाली. ब्रेमेने खालून, अगदी कोपऱ्यात चेंडू मारला. अर्जेंटिनाचा गोलकीपर गोयकोचेया बरोबर त्याच बाजूला झेपावला, पण हात पोचला नाही. गोल झाला आणि मी उठून ओरडलो, ‘दार लावा! दार लावा!’

खोलीत एकदम सन्नाटा झाला. मामी उठून आत गेली. शेजारचे एक म्हातारे खाकरले. मामा पडद्याकडेच पाहत होते. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, ‘उडी बरोबर हुती त्याची.’

मी ते शब्द गल्लीत ऐकले होते. गोल खाणाऱ्या गोलकीपरला चिडवायला पोरे असेच ओरडत. ते कुठून आले हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी आईने मला बाजूला घेऊन सांगितले. मामा तरुणपणी एका तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. १९७६ च्या सुमारास एका स्थानिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या हातून एक गोल गेला, संघ एका गोलाने हरला. संघाचे नाव मी सांगत नाही. संघ अजून आहे आणि त्याचे पाठीराखे माझ्या ओळखीचे आहेत. त्या दिवसापासून मामा रस्त्याने निघाले की कोपऱ्यावरून आवाज यायचा, ‘दार लावा हो!’ वर्षभरात त्यांनी खेळणे सोडले. मैदानावर जाणेही सोडले. पुढे लोक विसरले, नवी पोरे आली, पण ती हाक राहिली. कुणाला उद्देशून होती हेसुद्धा न कळणाऱ्या पोरांच्या तोंडात राहिली, आणि तशी ती माझ्या तोंडातून मामांच्या घरात गेली.

चौदा वर्षे मामांनी तो विषय काढला नव्हता. त्यानंतरही पुढची दहा वर्षे काढला नाही.

२००० सालच्या एप्रिलमध्ये मी एम.ए. करीत होतो. ब्राझीलचा जुना गोलकीपर मोआसिर बार्बोझा ७९ व्या वर्षी वारला अशी बातमी वाचनात आली. त्या बातमीच्या मागे लागून मी जे वाचले ते मामांना जाऊन सांगितले. तेच आता तुम्हांला सांगतो.

१९५० चा विश्वचषक ब्राझीलमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे बारा वर्षे ही स्पर्धा झालीच नव्हती. ब्राझीलने तिच्यासाठी रिओ शहरात माराकाना नावाचे प्रचंड क्रीडांगण बांधले. आता गंमत पाहा, त्या वर्षी नियमाप्रमाणे अंतिम सामना असा नव्हताच. शेवटच्या चार संघांनी एकमेकांशी खेळायचे आणि गुण मोजायचे असे ठरले होते. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे लोळवले. उरुग्वेला स्पेनशी बरोबरी पत्करावी लागली आणि स्वीडनशी कसाबसा विजय मिळाला. गुणांचा हिशेब असा झाला की, १६ जुलैच्या शेवटच्या सामन्यात ब्राझीलला नुसती बरोबरी पुरणार होती. म्हणून सगळ्या जगाने त्यालाच अंतिम सामना म्हटले.

तिकीट काढून आलेले प्रेक्षकच पावणेदोन लाखांच्या घरात होते. एकंदर आकडा दोन लाखांपर्यंत गेला असे म्हणतात. एका वर्तमानपत्राने त्या दिवशी सकाळीच ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र ‘जगज्जेते’ म्हणून छापले होते. जागतिक फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी ब्राझीलच्या अभिनंदनाचे भाषण पोर्तुगीजमध्ये तयार ठेवले होते. लग्नाआधीच बारशाची तयारी म्हणतात ती अशी!

मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला. मैदान दणाणले. तेव्हा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला याने काय करावे? चेंडू काखेत मारला आणि तो सावकाश चालत पंचांकडे तक्रार करायला गेला. गोल ऑफसाइड होता म्हणून त्याने वाद घातला. पंच इंग्रज, याची भाषा स्पॅनिश. तक्रार मान्य होणार नाही हे वारेलाला ठाऊक होते. त्याला फक्त वेळ काढायचा होता, मैदान थंड करायचे होते. गावच्या सभेत गलका झाला की जुना पुढारी उठून पाण्याचा तांब्या मागतो, त्यातलीच ही युक्ती.

मग ६६ व्या मिनिटाला उरुग्वेचा घिज्जा उजव्या बाजूने पळत गेला, त्याने चेंडू मध्ये टाकला आणि स्कियाफिनोने गोल केला. बरोबरी झाली. बरोबरी म्हणजे अजून ब्राझीलच विजेता. ७९ व्या मिनिटाला घिज्जा पुन्हा तसाच, त्याच बाजूने धावत आला. गोलात उभ्या असलेल्या बार्बोझाने तेरा मिनिटांपूर्वी जे पाहिले होते त्यावरून अंदाज केला की हा पुन्हा मध्ये चेंडू टाकणार. तो खांबापासून थोडा आत सरकला. घिज्जाने ती फट पाहिली आणि सरळ खांबाच्या आतल्या अंगाने चेंडू मारला. बार्बोझा मागे झेपावला. चेंडूला आपला हात लागला, तो बाहेर गेला, असे त्याला वाटले होते असे त्याने पुढे सांगितले. उठून पाहतो तो चेंडू जाळीत.

त्या मैदानात जी शांतता पसरली तिच्याविषयी ब्राझीलमध्ये आजवर लिहिले जाते. गोंधळात रिमेसाहेबांनी कसाबसा वारेलाला गाठून चषक त्याच्या हाती दिला; भाषण खिशातच राहिले. बाउरू नावाच्या लहानशा गावात एक नऊ वर्षांचा पोरगा आपला बाप रेडिओजवळ बसून रडताना पाहत होता. बापाला तो म्हणाला, मी तुम्हांला विश्वचषक आणून देईन. त्या पोराचे नाव पुढे पेले पडले, आणि आठ वर्षांनी त्याने तो आणलाही. वारेला मात्र त्या रात्री रिओच्या दारूच्या गुत्त्यांतून हिंडला. रडणारी माणसे पाहून त्यालाच वाईट वाटू लागले, असे तो म्हाताऱ्या वयात सांगत असे. जिंकलेल्या माणसाची ही आठवण मला फार मोलाची वाटते.

ब्राझीलचा तेव्हाचा पोशाख पांढरा होता. तो अपशकुनी ठरला. १९५३ साली एका वर्तमानपत्राने नव्या पोशाखाची स्पर्धा लावली, आणि त्यातून आज आपल्या पेठांतली पोरे घालून फिरतात तो पिवळा सदरा आला. पण पहिला चषक १९५८ साली ब्राझीलने जिंकला तो निळ्या सदऱ्यात, कारण समोरच्या स्वीडनचा रंगही पिवळाच होता. असो.

सदरा बदलता येतो, माणसाचे काय करायचे? दोष तिघांवर आला, बार्बोझा आणि बचाव फळीतले बिगोदे आणि जुवेनाल. तिघेही काळे होते हा निव्वळ योगायोग नव्हता असे तिकडचे इतिहासकार म्हणतात. पुढे २००६ साली दीदा उभा राहीपर्यंत ब्राझीलने विश्वचषकात पहिल्या पसंतीचा म्हणून काळा गोलकीपर उभा केला नाही, हेही ते दाखवून देतात. बार्बोझा काही सामान्य खेळाडू नव्हता. १९४९ ला दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघाचा तो गोलकीपर होता. पण लोकांना एकच मिनिट आठवत राहिले. वीस वर्षांनी एका दुकानात एक बाई आपल्या मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, ज्याने सगळ्या ब्राझीलला रडवले तो हा माणूस. ही गोष्ट त्यानेच सांगून ठेवली आहे. नोकरीही त्याला माराकानाच्याच आवारात करावी लागली. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, माझी मात्र पन्नास वर्षांची झाली, अशा अर्थाचे त्याचे बोलणे प्रसिद्ध आहे. जुने लाकडी गोलखांब बदलले तेव्हा ते त्याने घरी नेऊन जाळले आणि त्या विस्तवावर मांस भाजले, अशीही कथा सांगतात. खरी असो, खोटी असो. ती रचणाऱ्याला सुद्धा त्याची कणव आली असली पाहिजे.

हे सगळे मी मामांना सांगत होतो. मामा सुपारी कातरत होते. माझे संपल्यावर त्यांनी विचारले, ‘त्याला तिथनं काय दिसत हुतं, ते कुणी इचारलं का रं?’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘म्हंजे असं, की बाकी समद्यांनी बाहेरनं बघितलं. तो आत हुता.’

आणि मग चोवीस वर्षांनी त्यांनी स्वतःचे सांगितले. सकाळी पाऊस पडून गेला होता, गोलाच्या तोंडाशी चिखल होता. कॉर्नर आला. त्यांनी ‘माझा’ म्हणून हाक दिली आणि पुढे आले. त्यांच्याच संघातल्या एकाला ती हाक ऐकू गेली नाही, गर्दीचा आवाज तसाच होता. दोघेही उंच उडाले. चेंडू त्या दोघांतून मागे गेला. ‘त्याचं डोकं लागलं का माझी बोटं लागली, मला खरंच म्हाईत न्हाई. मी डोळं मिटलं हुतं का काय कुणास ठाऊक.’

मी विचारले, ‘मग लोकांना हे सांगितलं का नाही?’

‘कुणाला सांगायचं? त्यो तर दोस्त माझा. मी सांगितलं असतं, तर दार त्याच्या गळ्यात पडलं असतं. मग हाक त्येला मारली असती.’

मित्रहो, मी इतिहासाचा विद्यार्थी. माझी खोड जाईना. मामांना न सांगता मी चौकशी केली. त्या सामन्याला हजर होते अशी चार माणसे गाठली. पहिल्याने सांगितले, चेंडू मामांच्या दोन पायांतून गेला. दुसरा म्हणाला, शेवटच्या मिनिटाचा गोल, पंच शिटी वाजवायच्या बेतात होता. तिसऱ्याच्या आठवणीत सामना चालू असतानाच धो धो पाऊस पडत होता. चौथ्याने सर्वांत बारकाईने वर्णन केले, हात कसा होता, मान कुठे होती, सगळे. बोलता बोलता कळले की त्या वर्षी ते गृहस्थ मुंबईला गिरणीत होते, कोल्हापुरात नव्हतेच. पण गोल त्यांनी पाहिला होता! माझा माराडोना आठवला आणि मी गप्प बसलो. शेवटी वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रे उलटली. चार ओळींची बातमी सापडली. विजेता संघ, गोलसंख्या, बक्षीस कोणाच्या हस्ते दिले त्यांचे नाव. गोल कसा झाला, कोण होता गोलात, एक अक्षर नाही. म्हणजे कागद मुका, आणि तोंडे मात्र पाव शतक बोलत होती.

इथे गावोगावच्या शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. वर्गात इतिहास शिकवताना ‘साधने’ हा धडा मुलांना कंटाळवाणा होतो. तेव्हा गावात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी झालेली एखादी कुस्ती, एखादी शर्यत घ्या. मुलांना सांगा, घरोघर जाऊन विचारून या. किती तऱ्हा निघतात ते पाहा. मात्र ज्या माणसाची ती गोष्ट असेल त्याच्या दारी आधी स्वतः जा आणि त्याची परवानगी घ्या. मी घेतली नव्हती, आणि ते मला आजही टोचते.

१९५० साल निघाले आहे तर आपल्या घरचीही एक गोष्ट सांगून टाकतो. त्या विश्वचषकाला भारताचा संघ जायचा होता. पात्रता फेरीत आपल्या गटातल्या इतर देशांनी माघार घेतली म्हणून आपली निवड झाली. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात नाव पडले. पण आपण गेलो नाही. का? कुणालाही विचारा, एकच उत्तर येईल, आपले खेळाडू अनवाणी खेळत, बूट घालायला तयार नव्हते, म्हणून परवानगी नाकारली. दोन वर्षांपूर्वी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू खरेच अनवाणी खेळले होते. फ्रान्सशी १-२ असे हरलो तेव्हा दोन पेनल्ट्या आपण घालवल्या. पण विश्वचषकाला न जाण्याचे कारण बूट हे नव्हे, असे आता अभ्यासकांनी पुष्कळ दाखवून दिले आहे. लांबचा प्रवास, तयारीला अपुरा वेळ ही कारणे होती. मुख्य म्हणजे त्या काळी आपल्याला ऑलिंपिक मोठे वाटे, विश्वचषकाचे महत्त्व ठाऊकच नव्हते. कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे तसेच सांगितले. म्हणजे चूक कचेरीत झाली आणि ती जाऊन चिकटली खेळाडूंच्या उघड्या पायांना! गोष्ट सांगायला अनवाणी पाय सोयीचे पडतात हे खरे. ठरावाची वही कोण आठवणीत ठेवतो?

१९९४ चा अंतिम सामना कॅलिफोर्नियात झाला, आपल्याकडे रात्री एक वाजता सुरू झाला. ब्राझील आणि इटली, १२० मिनिटे गोल नाही. मग पेनल्ट्या. इटलीच्या रोबेर्तो बाज्जोने शेवटचा चेंडू दांड्यावरून उडवला आणि ब्राझील जिंकले. कंबरेवर हात, मान खाली घातलेला बाज्जो सगळ्या जगाने पाहिला. पण मामांनी त्या रात्री बोटांवर मोजून दाखवले, बारेसीने घालवली, मासारोची अडवली, तिसरा हा. आणि बाज्जोने गोल केला असता तरी ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लक होती. शिवाय बाद फेऱ्यांतले पाच गोल याच बाज्जोचे. तो नसता तर इटली तिथवर आलीच नसती. शेवटचा असतो तोच आठवतो.

१९९८ आणि २००२ हे दोन्ही सामने चांगले, पण सांगण्यासारखे मजजवळ काही नाही. २००६ ला झिदानने डोके मारले तेवढेच लोक बोलतात. सातव्या मिनिटाला त्यानेच गोल केला होता हे कितीजण सांगतील?

२०१४ साली स्पर्धा पुन्हा ब्राझीलमध्ये आली. उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलचा ७-१ असा फडशा पाडला. अर्ध्या तासाच्या आत पाच गोल! रात्री दोनच्या सुमारास मामांचा फोन आला, ‘बघतोस का?’ मी म्हटले, बघतोय. ‘आता तुझ्या त्या बार्बोझाला सोडतील बघ. पाच गोल झाल्यावर दोष वाटून घ्यायला अकरा माणसं पुरत न्हाईत. एक गोल झाला की त्यो एकाच्याच वाट्याला येतो.’ दुसऱ्या दिवशी ब्राझीलमध्येही कित्येकांनी १९५० च्या संघाची आठवण काढली, त्यांच्यावर आपण अन्याय केला असे लिहिले. बार्बोझा जाऊन तोवर चौदा वर्षे झाली होती. आणि पुढच्याच वर्षी, १६ जुलै २०१५ ला, त्या सामन्याला बरोबर ६५ वर्षे होत होती त्याच दिवशी, घिज्जा वारला. मैदानावर उतरलेल्या बावीस जणांतला तो शेवटचा.

२०२२ चा सामना डिसेंबरात झाला, कतारला. वेळ आपल्या सोयीची, रात्री साडेआठची. मी मुद्दाम मुलांना घेऊन कोल्हापुरास गेलो. मामा आता सत्तरीचे, गुडघे धरलेले, खाटेवर बसून पाहत होते. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे, मग एम्बाप्पेने दोन मिनिटांत बरोबरी केली, मग जादा वेळ, मग ३-३. शेवटच्या क्षणी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा चेंडू घेऊन पुढे आला. समोर फक्त गोलकीपर. अर्जेंटिनाच्या मार्टिनेझने हात पसरून डावा पाय असा काही ताणला की चेंडू त्या पायावर आपटून परत गेला.

मामा खाटेवरून उठले. गुडघे विसरून उठले. ‘दिसलं का? दिसलं का तुला? हाताचं काम न्हाई ते, पायाचं हाय!’ असे म्हणत त्यांनी भिंतीला एक हात लावला आणि डावा पाय लांबवून दाखवला. मामी ओरडली, ‘अहो, पडाल!’ माझ्या धाकट्याने लगेच चटईवर तसाच पाय ताणून पाहिला. मामा त्याला म्हणाले, ‘आणखी थोडा. गुडघा वाकवू नगंस.’

पेनल्ट्यांवर अर्जेंटिना जिंकली. कॅमेरे मेस्सीच्या मागे धावले, चषक आला, आतषबाजी सुरू झाली. बाहेर पेठेत फटाके वाजू लागले. मुले बाहेर पळाली. मामा खाली बसले, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पडद्याकडे वाकून म्हणाले, ‘आरं, त्यो दुसरा गोलकीपर कुठं गेला? फ्रान्सचा. त्याला दाखवत्यात का बघ.’

मी आवाज कमी केला, आणि आम्ही दोघे बघत बसलो.